तो अनुभव परत का येत नाही?

प्रश्न : मावशी, सलाम. मी बडोद्याची, फतेगंजला राहते. 2003 च्या मे महिन्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा कॅम्प होता हालोलच्या पुढे, त्याच्या तीन महिने आधी माझे पप्पा गेले होते आणि मी कुणाशी धड बोलत नव्हते. शेवटच्या रात्री सगळे गात होते, मी उठून नळाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसले आणि अचानक असं वाटलं की प्रभू अगदी शेजारी येऊन बसलाय. काही दिसलं नाही, आवाज आला नाही, पण अर्धा तास मी नुसती रडत होते आणि मनातली भीती कुठच्या कुठे गेली. घरी आले तेव्हा पहिल्यांदा मम्मीला जवळ घेऊन झोपले. त्यावर मी कितीतरी वर्षं जगले.

आता 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं, साडेचार फूट. मुलाने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकलीये. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी तीन दिवस आम्हा चौघांना ठेवून घेतलं, लाईट नाही, पाणी नाही, रात्रभर मी प्रार्थना करत होते पण आत काहीच हललं नाही, अगदी कोरडं. तेव्हापासून मी तो लिंबाखालचा अनुभव परत यावा म्हणून धडपडतेय, तीच गाणी लावते, डोळे मिटून बसते, मागच्या महिन्यात तर त्या जागेवर पण जाऊन आले, तिथे आता गोडाऊन झालंय. ह्यांचं म्हणणं की जुनं उगाळत बसू नकोस, पवित्र शास्त्रात प्रेषित पौलानेच लिहिलंय मागचं विसरा. मावशी, मागचं आठवणं चुकीचं आहे का? का तो माझ्या मनाचाच खेळ होता?

उत्तर : सलाम. तू मावशी म्हणालीस म्हणून मी सरळ तूच म्हणते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी एका ओळीवर थांबले, त्या ओळीकडे शेवटी येते.

आधी तुझ्या मिस्टरांचं. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल मागचं विसरतो म्हणतो हे खरं, पण वचन तेवढंच उचलू नये, थोडं वरून वाचावं. तिथे तो कशाकशाची यादी देतोय? आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परुशी, नियमशास्त्रात निर्दोष. ही मोठेपणाची शिदोरी त्याने टाकून दिली. पण दिमिष्काच्या वाटेवर येशू त्याला भेटला ते तो कधी विसरला? प्रेषितांच्या पुस्तकात ती हकिगत तीनदा येते, नवव्या, बाविसाव्या आणि सव्विसाव्या अध्यायात, त्यातल्या दोनदा तर पौल स्वतःच्या तोंडाने सांगतोय, एकदा यरुशलेमात चिडलेल्या गर्दीपुढे आणि एकदा अग्रिप्पा राजापुढे. म्हणजे आठवणं चुकीचं नाहीच.

पण तू जे करतेयस ते मला आठवण्यापेक्षा वेगळं वाटतं, आणि हे मी प्रेमाने सांगते. निर्गमचा सोळावा अध्याय काढून वाच. इस्राएल लोकांना रानात देवाकडून रोजच्यापुरता मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारी भाकर, मिळायचा, काहींनी सांगितलेलं न ऐकता सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. हे आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. पण त्याच अध्यायाच्या शेवटी परमेश्वर सांगतो की एक ओमरभर, म्हणजे एका माणसाच्या दिवसाच्या वाट्याएवढा, मान्ना भांड्यात घालून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवा, रानात मी तुम्हाला काय खाऊ घातलं ते त्यांना दिसू दे. मान्ना तोच! उद्या खायला म्हणून लपवला तो नासला, आणि देवाने काय केलं हे दाखवायला म्हणून ठेवला तो पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचा होता. तू 2003 चा मान्ना 2024 मध्ये खायला बघतेयस गं. तीच गाणी, तीच जागा, तसंच रडू. ते नाही यायचं, आणि आलं नाही म्हणून देव गेला असं होत नाही.

आता मनाचा खेळ होता का. रडू आलं ह्यावरून मी काही ठरवणार नाही, रडू आपल्याला सिनेमात पण येतं. मी बघते मागे काय उरलं. तू घरी येऊन मम्मीला जवळ घेतलंस, तीन महिने जे जमलं नव्हतं ते. हा माझ्या लेखी मोठा पुरावा आहे. आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक बघ, 1893 मध्ये रेल्वेने नागपूरहून राजनांदगावला जाताना एका अनोळखी गोऱ्या माणसाशी बोलणं झालं, त्याने नवा करार हातात दिला आणि तो उतरून गेला. डब्यातल्या इतर लोकांना काय वाटलं असेल, दोन माणसं गप्पा मारतायत, बस. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या भेटीचं मोल कळलं. याकोब पण झोपेतून उठल्यावर म्हणतो की परमेश्वर इथे होता आणि मला ठाऊक नव्हतं. अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य मेलेल्यांतून उठलेल्या येशूबरोबर सगळी वाट चालले, तो घरात बसून भाकर मोडेपर्यंत त्यांनी ओळखलं नाही, आणि तो दिसेनासा झाल्यावर म्हणाले की वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं काळीज आतून पेटलं नव्हतं का! भेट आधी होते, ओळख मागाहून पटते, हे पवित्र शास्त्रात इतक्या वेळा येतं की मला वाटतं देवाची ती रीतच आहे.

आणि जे झालं ते लिहून ठेव, तारखेसकट. शाळेत दाबाच्या धड्यात ज्याचं नाव येतं तो पास्कल, मोठा गणिती, त्याला 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री साडेदहापासून साडेबारापर्यंत देवाचा असा काही अनुभव आला की त्याने तो तिथेच कागदावर उतरवला, तारीख, वेळ, आणि मग एकच शब्द, अग्नी. पुढे लिहिलं, अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव. तो कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. 1662 मध्ये तो वारला तेव्हा नोकराच्या हाताला तो लागला. आठ वर्षं छातीशी. माझी पण एक वही आहे. आमच्या ह्यांचं ऑपरेशन होतं तेव्हाच्या पानावर तारीख आणि खाली फक्त "आयाबाईंचा चहा" एवढंच आहे, कारण त्या रात्री कॉरिडॉरमध्ये बसून मी प्रार्थना करत होते, तुझ्यासारखीच कोरडी, आणि पहाटे तिथल्या आयाबाईंनी काही न विचारता अर्धा कप चहा माझ्या हातात ठेवला, कपाचा कान तुटलेला होता, तो मी दोन्ही हातांनी धरून प्यायले. त्यात प्रभूचा हात होता हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, पण पान होतं म्हणून कळलं.

म्हणून आता पुराच्या रात्रींबद्दल. स्तोत्र 77 काढ, आसाफाचं. त्याला पण झोप नाही, आणि सुरुवातीला तर देवाची आठवण आली की तो कण्हतो असं लिहिलंय, म्हणजे आठवणीने त्याला आधी त्रासच होतो, कारण तो म्हणतो पूर्वीचे दिवस कुठे गेले, देव दया करायची विसरला का. मग मध्येच तो वळतो, स्वतःला काय वाटत होतं ते सोडतो आणि देवाने काय केलं ते सांगायला लागतो, आणि कुठे जाऊन पोचतो माहितीये, पाण्यात. तुझा मार्ग समुद्रातून होता, मोठ्या पाण्यातून तुझ्या वाटा, पण तुझी पावलं काही दिसली नाहीत. वाट होती, पावलं दिसली नाहीत. साडेचार फूट पाण्यावर अंधारात बसून तुला पावलं दिसली नाहीत ह्याचं मला जराही नवल वाटत नाही.

आता ती ओळ. तू अगदी जाता जाता लिहिलंस की वरच्या काकींनी तीन दिवस आम्हा चौघांना ठेवून घेतलं. लाईट नाही, पाणी नाही, आणि स्वतःच्या घरातलं भरून ठेवलेलं पाणी आणि धान्य चार माणसांत वाढवून वाटायचं, तेही पूर कधी ओसरणार ते माहीत नसताना! तू मनाने त्या लिंबाखाली प्रभू शोधत होतीस आणि तो काकींच्या स्वयंपाकघरात तुझ्या मुलांना जेवायला वाढत होता, असं मला मनापासून वाटतं. ती ओळ परत वाच.

आणि ती पेन्सिलची रेघ. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडत होते तेव्हा यहोशवाने तिच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणवले ना, तेव्हा सुगीचे दिवस होते आणि नदी दोन्ही काठांवरून वाहत होती. देवाने पाणी थांबवलं, आणि धोंडे नदीच्या मधूनच घ्यायचे, याजकांचे पाय जिथे उभे होते तिथून, आणि गिलगालात रचायचे, म्हणजे उद्या मुलं विचारतील की हे धोंडे कशाचे तर सांगता येईल. पाण्याची ओल गेली की तुम्ही घराला रंग काढालच. रंगारी यायच्या आधी त्याला सांग की ती वीतभर जागा सोड, आणि मुलाच्या हातात पेन्सिल देऊन तारखेच्या खाली काकींचं नाव लिहून घे. मग वर जाऊन काकींना खाली घेऊन ये आणि दाखव.