अपघाताच्या भरपाईतून टक्केवारीने वकिलाची फी ठरवता येते का?

म्हापशात दुचाकीच्या धडकेत आपल्या आईचा पाय मोडला आणि ‘भरपाई मिळाली तरच फी, तीही पंचवीस टक्के’ असे वकील म्हणतात, असे आपण लिहिले आहे. असा करार कृपया करू नका. इंग्लंड-अमेरिकेत ही पद्धत रूढ असली तरी भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे वकिलाला निषिद्ध आहे. अपघात-भरपाईच्याच एका प्रकरणात टक्केवारीने फी आकारणे बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे कोऱ्या धनादेशावर किंवा स्टॅम्प पेपरवर आईची सही मुळीच देऊ नका.

खर्चाची चिंता असेल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. 2019 च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून उशीर नको.

एफआयआर, पंचनामा आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवाच, परंतु औषधांच्या बिलांकडे विशेष लक्ष द्या, कारण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे आपल्या दमट हवेत लवकर पुसट होतात आणि न वाचता येणाऱ्या बिलाचे पैसे मिळवणे अवघड जाते. आजच झेरॉक्स काढा.