रक्ताच्या तपासणीवरून शरीराचं खरं वय कळतं का?

वय ४२, आजार कुठलाच नाही, तरी 'शरीराचं वय' सांगणारं पॅकेज करावं का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. मी ५७ चा, बडोद्याचा. असल्याच पॅकेजने मला ६६ चा ठरवलं होतं.

रविवारी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात पुतण्याबरोबर २०० बैठका मारल्या आणि सोमवारी उपाशीपोटी रक्त दिलं. काल काय केलंत, हे कुणी विचारलं नाही. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं) ७, एसजीओटी (लिव्हरसाठी बघतात ते) ७१, क्रिएटिनिन (किडनीसाठी बघतात ते) १.४; तिन्ही लाल अक्षरांत. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, आमच्या हिंचक्यावर बसून रिपोर्ट वाचला आणि जाहीर केलं, "किडन्या चालल्या. या वयात आखाडा कशाला? कमाटी बागेत चाला." बायको घाबरली. मी दोन महिने बैठका सोडल्या. त्यानंतर पावागढला माचीवरून चढताना दोनदा बसलो. आयुष्यात पहिल्यांदा.

पुन्हा रक्त दिलं तेव्हा सीआरपी, एसजीओटी नॉर्मल. क्रिएटिनिन १.३, म्हणून डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी ही किडनीचीच दुसरी तपासणी करायला लावली, तीही नॉर्मल. क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं, अंगात स्नायू जास्त तर तेही जास्त. एसजीओटी लिव्हरसारखं स्नायूंतही असतं. सिस्टॅटिन सी वर मात्र स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. आणि रक्तावरून शरीराचं वय काढणाऱ्या, २०१८ साली निघालेल्या 'फेनोएज'च्या गणितात ज्या ९ रक्ततपासण्या आहेत, त्यांत क्रिएटिनिन आणि सीआरपी दोन्ही आहेत. दोन्ही वाढले की वय वाढतं. कमावलेलं अंग तिथे म्हातारपणात मोजलं जातं!

ताकद रक्तात दिसत नाही. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या मुठीची पकड मोजली होती, २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. वरच्या ब्लडप्रेशरपेक्षा पकडीवरून मृत्यूचा अंदाज जास्त चांगला येत होता. भाऊजी रोज ५ किलोमीटर चालतात, रिपोर्ट स्वच्छ असतो, पण २० लिटरचा पाण्याचा जार त्यांच्याकडून उचलला जात नाही. नुसतं चालणं पुरत नाही, हे मी त्यांना दहा वर्षं सांगतोय.

तुम्ही एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन एवढं वर्षातून एकदा करा. मात्र शुगर किंवा बीपी असेल, लघवीत प्रोटीन जात असेल, तर वाढलेलं क्रिएटिनिन स्नायूंवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रक्त देण्याआधी चार-पाच दिवस बैठका नकोत.