पवनेच्या काठावर कॅम्पर ट्रेलर नेहमी तिरका लागतो. चार कोपऱ्यांच्या जॅकवर उचलून लेव्हल केला तर चालेल का?

तुमचा ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा आहे, आत झोपलं की माणूस भिंतीकडे घसरतो आणि गॅसवरचा फ्रीज गार होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कोपऱ्यातले चार जॅक फिरवून अख्खा ट्रेलर उचलावा की ऑटो लेव्हलिंग, म्हणजे ट्रेलर आपोआप लेव्हल करणारी यंत्रणा, बसवून घ्यावं, असा प्रश्न आहे.

उचलू नका. ते जॅक वजन उचलायला दिलेलेच नसतात. माणसं आत चालायला लागली की ट्रेलर डुलतो, तो डुलू नये एवढंच त्यांचं काम. पण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याने मला खरं अस्वस्थ केलं. "पोचलो की गाडी सोडवतो आणि मग लेव्हलचं बघतो," असं तुम्ही लिहिलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

मी भोसरीत 31 वर्षं मशीनं बसवली. लेथ, मिलिंग, प्रेस, सगळी. लेथचा बेड लेव्हल करायची पाणसळ मीटरला 0.02 मिलिमीटरचा फरक दाखवते, आणि त्या बुडबुड्याकडे बघत मी अर्धं आयुष्य काढलंय. त्याआधीचं शिक्षण वडिलांच्या बैलगाडीवर झालं. आमचं गाव पुरंदरातलं. गाडी थांबली की वडील पहिल्यांदा खाली उतरून चाकाला दगड लावायचे, मग टेकू, आणि सगळ्यात शेवटी बैल सोडायचे. मी लहानपणी एकदा घाईने जू मोकळं करायला गेलो तर जोरात ओरडले होते, "आधी दगड, मग बैल!" गाडी उलार (मागे जड) आहे की धुरजड (पुढे जड), हे ते साटीला हात लावून सांगायचे. ट्रेलर म्हणजे तीच दोन चाकांची गाडी आहे. बैलांच्या जागी तुमची एसयूव्ही आली, एवढाच फरक.

तीन वर्षांपूर्वी आम्ही आणि साडूंनी निम्मे-निम्मे पैसे घालून ट्रेलर बनवून घेतला. साडू बरीच वर्षं अमेरिकेत होते, तिथे ट्रेलर घेऊन फिरले होते, त्यामुळे आराखडा त्यांचा. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरला बहुतेक वेळा हँडब्रेक नसतो. युरोपातल्या कॅरॅव्हॅनला असतो. मी म्हटलं, आपण हँडब्रेक बसवून घेऊ. ते म्हणाले, गरज नाही. मी ऐकलं. हे पहिलं ऐकलेलं.

डिसेंबरात कामशेतवरून पवनानगरकडे निघालो. आम्ही दोघं, साडू आणि साडवीण, माझी मुलगी आणि सहा वर्षांची नात. कामशेतला जेवणात वेळ गेला, काठावर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. पावसाळ्यानंतर धरणाचं पाणी हळूहळू मागे सरकतं आणि मोकळी झालेली जमीन पाण्याकडे उतरती असते. नुसतं बघून उतार कळत नाही, कारण समोर सपाट पाणी आणि मागे तिकोना किल्ला, डोळा फसतो. जागेवर लागलो तेव्हा नात आतल्या बाकावर झोपली होती. मुलगी म्हणाली, झोपू दे, दहा मिनिटांनी उठवते. हीही चूकच. चाकं बांधल्याशिवाय आत कुणी नको, अगदी झोपलेलं मूलसुद्धा नको.

मी आत जाऊन जमिनीवर पाणसळ ठेवली. उजवी बाजू खाली होती. फळ्या आणि दगड गाडीच्या डिकीत. ते काढायला मी वळलो तर साडू कपलरपाशी, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात तिथे. म्हटलं, थांबा, आधी दगड लावतो. म्हणाले, "राहू दे, अमेरिकेत आधी सोडवतात, मग निवांत करत बसतात." सेफ्टी चेन त्यांनी काढलीच होती. नाकाच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या, जॅकला खाली छोटं चाक, तो त्यांनी फिरवला आणि टो बॉल (गाडीमागचा जोडणीचा गोळा) कपलरमधून सुटला.

ट्रेलर मागे निघाला. आवाज झाला नाही. खडीवर चाक फिरल्याचा हलका चरचर आवाज, बस. मी दांडीला हात घातला, पण बाराशे किलो कोण धरणार? सहा-सात मीटर जाऊन मागचा कोपरा दगडांच्या जुन्या तालीवर आदळला आणि थांबला. तिथून पाणी पंधरा पावलांवर होतं. मुलगी धावत आत गेली. नात बाकावरून खाली पडून जागी झाली होती, कपाळाला टेंगूळ, आणि रडत नव्हती, नुसती बघत होती. ते बघणं मला अजून आठवतं.

साडू म्हणाले, "थांबला ना? मग झालं."

तेव्हापासून दर दिवाळीच्या फराळाला हा विषय निघतो. त्यांचं म्हणणं, जमीनच वाईट होती. माझं म्हणणं, जमिनीने काहीही केलं नाही, ती होती तशीच होती. दुसरं ते म्हणतात की ब्रेकअवे स्विच बसवला असता तर ब्रेक लागला असता. ब्रेकअवे धावताना ट्रेलर तुटून सुटला तर लागावा म्हणून असतो, बॅटरीवर चालतो. उभ्या गाडीचा तो पार्किंग ब्रेक नव्हे. आणि अमेरिकेतही शहाणी माणसं चाकाला पाचर लावल्याशिवाय ट्रेलर सोडत नाहीत. देशाचा प्रश्नच नाही.

आता तुमचं. ट्रेलर तीन ठिकाणी टेकतो: दोन चाकं आणि नाकाचा जॅक. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं. हा तीन टेकूंचा फायदा तुम्हाला फुकट मिळालेला आहे, तो चार जॅकांनी घालवू नका. डावं-उजवं फक्त चाकांखाली भर घालून मिळतं. पुढचं-मागचं फक्त नाकाच्या जॅकने. म्हणून डावं-उजवं गाडीला जोडलेलं असतानाच उरकायचं, कारण चाक फळीवर चढवायला ओढणारी गाडी लागते. सोडवल्यावर ती संधी गेली.

किती भर घालायची हे अंदाजाने करू नका. एक मीटरची पाणसळ आत आडवी ठेवा, खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि खालची फट मोजा. समजा 35 मिलिमीटर आली आणि तुमच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर 1.6 मीटर आहे, तर 35 गुणिले 1.6, म्हणजे 56 मिलिमीटर भर खालच्या चाकाखाली. 25 च्या दोन फळ्या आणि वर एक 6 ची प्लाय. फळ्या पायऱ्यांसारख्या, खालची लांब आणि वरची आखूड, म्हणजे चाक हळू चढतं. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे अजिबात नकोत. ते न सांगता फुटतात.

चढवलं, पुन्हा पाणसळ बघितली, की दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर किंवा दगड. फळीवरच्या चाकाला पाचर फळीवरच. गाडी जोडलेली असतानाच. त्यानंतर सोडवा, नाक वरखाली करून लांबीची लेव्हल घ्या, आणि शेवटी चार कोपऱ्यांचे जॅक खाली आणा. जमिनीला टेकल्यावर हाताने थोडं घट्ट, तिथेच थांबा. त्याहून जास्त फिरवलात तर चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पिळते. लेथचा बेड एका कोपऱ्यात जास्त उचलला की तो पिळतो आणि जॉबला टेपर येतो (गोल तुकडा एका टोकाला बारीक होतो), तसंच इथे आधी दरवाजा अडकायला लागतो. दरवाजा नीट लागत नसेल तर समजा की कुठला तरी जॅक जास्त फिरलाय.

फ्रीजचं म्हणाल तर, गॅसवर, 12 व्होल्टवर आणि 230 व्होल्टवर चालणारा असेल तर तो शोषण पद्धतीचा आहे. त्यात कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनिया पाण्यातून बाहेर पडतो आणि पुढचं सगळं द्रव नळ्यांतून उताराने, आपल्या वजनानेच वाहतं. तिरका ठेवला की द्रव नको तिथे साचतं, तापणारा भाग कोरडा पडून जास्त तापतो, आत गंज थांबवायला घातलेला क्षार जमतो आणि नळी तुंबते. हे नुकसान दर वेळी थोडं थोडं साठत जातं, नंतर लेव्हल करून भरून निघत नाही. बऱ्याच बनावटींत आडव्या बाजूला साधारण 3 अंशांपर्यंत चालतं. वर धरलेल्या 1.6 मीटरवर 3 अंश म्हणजे 84 मिलिमीटर, ते पवनेच्या काठावर सहज होतं. चालत्या गाडीत द्रव हलत राहतं म्हणून तेव्हा तेवढा त्रास नाही. कॉम्प्रेसरवाला 12 व्होल्टचा फ्रीज असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

ऑटो लेव्हलिंग? एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवर एवढं वजन आणि पैसा घालू नये, हे माझं स्पष्ट मत. मोठ्या मोटरहोमला ठीक आहे. मात्र कंबर-गुडघे दुखत असतील तर विजेवर चालणारा नाकाचा जॅक जरूर घ्या, आणि फळ्यांऐवजी चाकाखाली सरकवायची वक्र पाचर मिळते, तिच्यावर बुडबुडा मध्ये येईपर्यंत गाडी चढवायची, हिशेबही नको.

राहिलेलं एक-दोन. टायरमधली हवा आधी दोन्हीकडे सारखी करा, नाहीतर लेव्हल कशाची घेताय? नाकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हवा. सामान मागे भरून तो उलार केलात, तर सोडवताना नाक वर उसळतं. मुरमाची जमीन चांगली. काळ्या मातीवर जॅकखाली रुंद फळी घाला आणि पाऊस झाला तर तिथे उभेच राहू नका, ती फुगते आणि रुतते. सगळे आत झोपल्यावर एकदा पुन्हा पाणसळ बघा. उतार जास्त वाटला तर रात्रभर गाडी सोडवूच नका.

पाणसळ पुण्याच्या बोहरी आळीत घ्या, पण दुकानातच तपासा. काउंटरवर ठेवून बुडबुडा बघा, मग तीच पाणसळ डावं टोक उजवीकडे करून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळेला काउंटरच्या एकाच बाजूला तेवढाच सरकलेला दिसला तर काउंटर तिरकं, पाणसळ खरी. जागा बदलली तर दुसरी घ्या.

आणि साडू हे वाचत असतील तर, दगड माझ्या डिकीत होते, चार पावलांवर. मी "थांबा" म्हटलं होतं. जमीन वाईट नव्हती.

तुमच्या चाकांमधलं अंतर आणि फ्रीज कोणत्या प्रकारचा आहे ते कळवा, फळ्यांची मापं काढून देतो. आणि ट्रेलरला हँडब्रेक आहे का, तेही लिहा.