सुई टोचली तर त्याच क्षणी सांगा

नव्या तुकडीचं वॉर्ड पोस्टिंग सुरू झालं की महिन्याभरात तेच ते प्रश्न येऊ लागतात. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडची 'पांढरी कावीळ', यावर पेपरात पानभर उत्तर लिहिणाऱ्या मुलांना स्वतःचा या लशीचा तिसरा डोस झाला की नाही हे घरी फोन करून विचारावं लागतं. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देते.

प्रश्न : रूममेटला पांढरी कावीळ निघाली आहे. एका ताटात जेवल्याने मला होईल का?

नाही. अन्नपाण्यातून पसरतात त्या हिपॅटायटिस ए आणि ई. बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. त्याचं रेझर आणि टूथब्रश मात्र वापरू नका, आणि स्वतःची लस पूर्ण करा.

प्रश्न : माझी मुलगी यंदा एमबीबीएसला लागली. लहानपणी सगळ्या लसी दिल्या आहेत. पुन्हा कशाला?

ताई, 'सगळ्या' म्हणजे कोणत्या, ते कार्डावर बघा. ही लस देशभरच्या सरकारी लसीकरणात २०११-१२ च्या सुमारास आली. त्याआधी जन्मलेल्या कित्येक मुलांना ती मिळालेलीच नाही. कार्ड सापडत नसेल, तर लस झालेली नाही असं धरून चला. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, तेही दंडात; कमरेवर घेतलेल्या इंजेक्शनचा भरवसा नाही. कार्डावर तिन्ही डोसांची नोंद असेल, तर अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लशीने रक्तात तयार झालेल्या संरक्षणाचा आकडा, तपासून पुढचं कॉलेजच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : दोन डोस झाले, तिसरा दोन वर्षांपूर्वीच राहून गेला. पहिल्यापासून घ्यायचे का?

नाही. राहिलेला डोस याच आठवड्यात घ्या. एक-दोन महिन्यांनी टायटर करा.

प्रश्न : एका लॅबने होस्टेलवर पॅकेज आणलं आहे. दर पाच वर्षांनी बूस्टर लागतो म्हणतात.

तीन डोसांनंतर टायटर एकदा १० किंवा त्याहून जास्त आलं असेल, तर निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. पुढे आकडा खाली आला तरी शरीर ओळख विसरत नाही. या पॅकेजांचा मला मनापासून राग येतो, कारण ज्याला गरज नाही त्याला ती डोस विकतात आणि ज्याचा तिसरा डोस राहिलाय त्याला कोणी विचारत नाही. १० पेक्षा कमी आलं, तर परस्पर काही घेऊ नका. पुन्हा डोस किती, हे डॉक्टर ठरवतील. सहा डोसांनंतरही आकडा वर येत नसेल, तर एचबीएसएजी, म्हणजे विषाणू आधीच शरीरात आहे का हे सांगणारी रक्तचाचणी, करून घ्यायला हवी.

प्रश्न : पॉझिटिव्ह पेशंट असला की मी दोन ग्लोव्ह्ज घालतो. पुरे ना?

आणि ज्याची तपासणीच झाली नाही त्याचं काय? बहुतेक बाधितांना स्वतःलाच पत्ता नसतो. काळजी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची.

प्रश्न : मी इंटर्न आहे. पहाटे रक्त घेऊन सुईला टोपण लावताना बोटात टोचली. पेशंटचा रिपोर्ट नव्हता. सीनियर रागावतील म्हणून बोललो नाही. आज तिसरा दिवस आहे. लस झाली आहे, टायटर केलेलं नाही. आता काय?

हे वाचून झालं की फोन खाली ठेवा आणि कॅज्युअल्टीत जा. टायटर आजच करा, पेशंटची तपासणी त्याच्या संमतीने आजच पाठवा. संरक्षण नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, २४ तासांत द्यायचं असतं. सात दिवसांनंतर त्याचा भरवसा उरत नाही. एचआयव्हीची गोळी ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, खरं तर दोन तासांत. तुमचे ते तास घाबरण्यात गेले.

गेल्या अनेक वर्षांत मी सर्वांत जास्त घसा याच गोष्टीवर कोरडा केला आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली, तर बी होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३०. एचआयव्हीची हजारात ३. मुलं मात्र एचआयव्हीच्या भीतीने रात्रभर जागतात आणि बीचं नावही काढत नाहीत. टोचली की साबण-पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, ब्लीच ओतायचं नाही, आणि लगेच सांगायचं. रागावणाऱ्या सीनियरचं नाव मला सांगा, त्यांच्याशी मी बोलेन.

आणि टोपण लावायचं मुळात कशाला? सुई थेट हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापणाऱ्या यंत्रात, किंवा सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात. एकदा राऊंडला किडनी ट्रेमध्ये कापसाचा बोळा दिसला. उचलला, तर खाली उघडी सुई, टोकावर वाळलेलं रक्त. तो ट्रे थोड्या वेळात मावशी धुणार होत्या. वाळलेल्या रक्तात हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. मावशींना लस झाली होती का, हे वॉर्डात कोणालाही सांगता आलं नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणं रुग्णालयाला बंधनकारक आहे.

प्रश्न : शिबिरात सुई बदलून तीच सिरिंज वापरली तर?

कधीच नाही. गुजरातेत मोडासा भागात २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने बीची साथ आली आणि माणसं दगावली.

प्रश्न : कॉलेजच्या तपासणीत माझं एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं. घरचे काविळीची माळ घालायला नेताहेत. मला शिक्षण सोडावं लागेल का?

एवढ्याने शिक्षण सोडावं लागत नाही, हे आधी घरी सांगा. गेल्या तीन आठवड्यांत लस घेतली होती का? लशीनंतर थोडे दिवस ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. नसेल घेतली, तर यकृततज्ज्ञांकडे जा; विषाणूचं प्रमाण, यकृताच्या चाचण्या आणि सोनोग्राफी ते बघतील. उपचार लागलेच, तर राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांवर गोळ्या मोफत मिळतात. सर्जरीसारख्या शाखेत जायचं असेल, तर त्याचाही सल्ला तिथेच घ्या. माळेने रक्तातला विषाणू जात नाही आणि झाडपाल्याने यकृत आणखी बिघडलेलं मी पाहिलं आहे. जाताना आई-वडील आणि भावंडांनाही तपासणीसाठी सोबत न्या.