एपिफोन लेस पॉल आणि गिब्सन लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारींच्या किमतीत एवढा फरक का?

फरक आवाजात वाटतो तेवढा नाही. मजुरी, रंगकाम आणि नाव यांत जास्त आहे. दोन्ही एकाच घरातल्या. लेस पॉल गिब्सनने १९५२ मध्ये आणली आणि १९५७ मध्ये एपिफोन कंपनीच विकत घेतली. आज गिब्सनची लेस पॉल अमेरिकेत नॅशव्हिलला बनते, एपिफोनची बहुतेक चीनमध्ये. महोगनीचं अंग, २४.७५ इंची स्केल (तारेची कंप पावणारी लांबी), दोन हंबकर (दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग), हा आराखडा तोच.

खरी तफावत हाताला कळते. गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असतो, तो वर्षानुवर्षं पिवळसर पडतो, तडकतो, आणि लोकांना तेच आवडतं (आवडीला मोल नाही!). एपिफोनवर सहसा जाड, टणक पॉली (प्लास्टिकसारखं) फिनिश. तिच्यावरची देखणी रेषांची मेपलही बरेचदा पातळ व्हिनिअरच, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा. पडली की मान मोडायची ख्याती मात्र महागडीचीच मोठी.

नवशिके असाल तर एपिफोन घ्या, चांगल्या कारागिराकडून सेटअप (तारांची उंची, सुरांची जुळणी) करून घ्या. पिकअप वर्षभराने बदलता येतात. उरलेल्या पैशांत बरा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) येईल. आवाजावर त्याचाच परिणाम जास्त.