भाच्याचा अमेरिकेतला कोर्स आणि आपला मे महिना

पत्र : माझा मुलगा कळव्याला मराठी शाळेत दहावीत आहे. अभ्यासात मध्यम, गणित बरं, इंग्रजीचं नाव काढलं की पळतो. दिवाळीआधी आमच्या घरातलं बाथरूम फोडलं, तेव्हा हा चार दिवस मिस्त्रीच्या मागे उभा होता. पाण्याच्या नळीनं लेव्हल कशी काढतात ते शिकला आणि मग घरभर भिंतींवर पेन्सिलीच्या खुणा करत सुटला. माझा भाऊ शिकागोला असतो. त्याचा मुलगा तिथे हायस्कूलमध्येच बांधकामाच्या कामांची ‘प्री-अप्रेंटिसशिप’ करतोय. तसं काही ठाण्यात आहे का? माझे दीर घोडबंदरला ठेकेदारी करतात. ते म्हणतात, “कोर्स कशाला, मे महिन्यापासून पाठव साइटवर, दोन वर्षांत तयार करतो.” मिस्टरांना वाटतं, काहीही झालं तरी मुलानं बारावी सायन्स करावं. तुम्ही काय सांगाल? (मिस्त्री म्हटल्यावर पुढे लग्न जमेल का, हेही मनात येतंच.)

ताई, नमस्कार.

कंसातलं आधी घेतो, कारण बऱ्याच घरांत निर्णय तिथेच होतो. गेल्या वर्षी मी माझ्या ऑफिसचं बाथरूम नव्यानं करून घेतलं. टाइल्स चकचकीत, पण पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीकडे, न जाता दाराशी तळं करून बसतं. ते उखडून फुटामागे एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतार नीट काढून देईल असा मिस्त्री मी अजून शोधतोय. जो चांगला म्हणून कळतो, त्याची तारीख दीड महिन्यानंतरची असते. इतकी मागणी असलेल्या माणसाचं लग्न अडलेलं निदान माझ्या पाहण्यात नाही. अशा मुलांचं घोडं अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. त्याकडे येतोच.

तुमच्या भावाचा मुलगा काय करतोय ते नीट समजून घेऊ. तिकडे खरी अप्रेंटिसशिप म्हणजे तीन ते पाच वर्षांचं काम. वर्षाला साधारण २,००० तास प्रत्यक्ष काम, जोडीला निदान १४४ तास वर्ग, आणि पहिल्या दिवसापासून पगार. १९३७ सालच्या कायद्यापासून ही पद्धत चालू आहे. प्री-अप्रेंटिसशिप ही त्याच्या आधीची पायरी. बांधकाम कामगार संघटनांचा एक अभ्यासक्रम तिथे बराच चालतो, साधारण १२० तासांचा. त्यात हत्यारांची ओळख, नकाशा वाचणं, बांधकामापुरतं गणित, प्रथमोपचार आणि दहा तासांचं सुरक्षा प्रशिक्षण असतं. वायरिंग, प्लंबिंग, सुतारकाम, लोखंडकाम यांत फरक काय, कुठल्या कामात अंगाला काय सोसावं लागतं, हेही दाखवतात. एवढं करून मुलगा मिस्त्री होत नाही. पण कुठल्या रांगेत उभं राहायचं हे त्याला कळतं.

आपल्याकडे नेमकी हीच पायरी गाळलेली आहे. दहावीचा निकाल लागला की आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म उघडतो, आणि ज्या मुलानं आयुष्यात पान्हा धरलेला नाही तो ट्रेडचे, म्हणजे कुठलं काम शिकायचं त्याचे, पसंतीक्रम भरतो. सायबर कॅफेवाला सांगेल तो क्रम. वर्षानं तोच मुलगा माझ्यासमोर येऊन “सर, हे मला जमत नाही” म्हणतो, तेव्हा त्याला काय बोलणार?

अर्थात ही कल्पना अमेरिकेतूनच यायला हवी होती असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा राहिला आणि पुढे राज्यातल्या अनेक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग करतात, वीटकाम करतात, वायरिंग करतात, वाफे करतात आणि केलेल्या कामाचा खर्चही मांडतात. तुमच्या मुलाच्या शाळेत हे नाही आणि दहावीत शाळा बदलण्यात अर्थ नाही. म्हणून त्याची पूर्वतयारी आपल्यालाच बांधावी लागेल.

आता दिरांचा प्रस्ताव. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. ते स्वतः तसेच शिकले असणार. पण मे महिन्यात मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी १८ पूर्ण झाल्यावर होते. त्याआधी त्याला काही झालं, तर तो त्या साइटवर कागदोपत्री नसतोच. १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, कायदा चौदाव्या वर्षापासून उमेदवार घ्यायला परवानगी देतो, पण धोक्याच्या उद्योगांसाठी तिथेही १८ ची अट आहे. आणि घोडबंदरच्या तीस-चाळीस मजली टॉवरवर धोका म्हणजे काय, ते दिरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरी गोष्ट शिकण्याची. आज ठाण्यातल्या मोठ्या साइटवर शटरिंग (काँक्रीटचे साचे उभारणं), सळई बांधणं आणि काँक्रीट ही कामं टोळ्यांकडे असतात. बिहार, झारखंड, बंगालमधल्या मालद्याकडचे कारागीर एकत्र येतात, एकत्र राहतात आणि मापावर पैसे घेतात. मायवानचे ॲल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबमागून स्लॅब टाकायचे असतात. त्या धबडग्यात ठेकेदाराच्या पुतण्याला कोणी उभं राहून शिकवत नाही. तो चहा आणतो, सिमेंटच्या गोण्या मोजतो, हजेरी लिहितो. दोन वर्षांनी त्याला साइटची भाषा येते. हात तयार होतोच असं नाही.

समजा, झाला. दिव्याचा एक मुलगा सोळाव्या वर्षी असाच एका प्लंबिंग ठेकेदाराकडे गेला होता. एकविसाव्या वर्षी माझ्याकडे आला तेव्हा सबंध मजल्याची लाइन एकटा टाकत होता. एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या देखभालीची नोकरी निघाली. काम करून दाखवलं, पसंत पडलं, आणि मग साहेबांनी सर्टिफिकेट मागितलं. त्याच्याकडे दाखवायला दहावीचं गुणपत्रक होतं. मी म्हणालो ते अडणारं घोडं हे. पाच वर्षं काम केलेल्या त्या मुलाला मग एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून ट्रेड पूर्ण करावा लागला. केला त्यानं. पण ती वर्षं वाचली असती.

म्हणून माझं म्हणणं असं : दहावी, मग दोन वर्षांचा आयटीआय, मग रीतसर शिकाऊ उमेदवारी. तोवर मुलगा अठरा पार करतो आणि हातात राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र असतं. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे जागा असतात. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं होतं. नोंदणी करायच्या वेळी सरकारी पोर्टलवरचा तेव्हाचा आकडा बघा. रक्कम मोठी नाही, पण उमेदवारी संपल्यावर मिळणारं दुसरं प्रमाणपत्र नोकरीत कामाला येतं.

मिस्टरांसाठीही यात उत्तर आहे. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे इंजिनिअरिंगची वाट बंद होत नाही. बारावी हवीच असेल तर व्यावसायिक शाखेची बारावी आहे. त्यात कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी हा अभ्यासक्रम असायचा, फक्त जवळच्या कुठल्या कॉलेजात तो अजून चालू आहे का हे आधी जाऊन विचारा. मात्र इंग्रजीला घाबरणाऱ्या, हातानं काम करायला आसुसलेल्या मुलाला निव्वळ शेजाऱ्यांसाठी सायन्सला घालू नका. त्याचा निकाल मला आजच दिसतोय.

ट्रेड कुठला? तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ पेन्सिलीच्या खुणांची. प्लंबिंगचं काम बघायला पुष्कळ मुलं उभी राहतात. लेव्हल पाहून वेडं होणारं पोर क्वचित भेटतं. त्याला सर्व्हेअर नावाचा ट्रेड असतो हे सांगा. जमिनीची उंची-सखलता काढणं, इमारतीचे कोपरे आखून देणं, ऑटो लेव्हल आणि टोटल स्टेशन ही मोजणीची यंत्रं चालवणं. मेट्रो असो की विमानतळ, आखणी केल्याशिवाय पहिला खड्डा खणला जात नाही. दुसरा पर्याय सिव्हिल ड्राफ्ट्समनचा, नकाशे काढण्याचा. दोन्ही दोन वर्षांचे, दहावीनंतरचे, आणि विज्ञान-गणित लागणारे. हातच चालवायचा असेल तर इलेक्ट्रिशियन. तोही दोन वर्षांचा, आणि पुढे तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना काढता येतो. प्लंबर आणि गवंडीकाम हे एकेका वर्षाचे ट्रेड आहेत. मी त्यांना कमी लेखत नाही (माझं बाथरूम आठवा), पण पॉलिटेक्निकचं दार उघडं ठेवायचं असेल तर दोन वर्षांचा बरा.

निवडीआधी एक करा. वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयमध्ये मुलाला घेऊन जा आणि परवानगी मागून कार्यशाळा दाखवा. पनवेललाही आयटीआय आहे. कुठला ट्रेड कुठे आहे हे त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत मिळेल. तिथे मुलं काय करताहेत ते त्याला तासभर बघू दे. तुम्ही बोलू नका. दिरांना सांगा, एखाद्या रविवारी पाहुणा म्हणून साइट दाखवा, हेल्मेट आणि बूट घालून. पाटी उचलायची नाही.

आणि पेपर संपले की निकाल लागेपर्यंतचे दोन महिने हा त्याचा १२० तासांचा कोर्स. खर्च म्हणजे एक पाच मीटरची टेप, पंचवीस फूट पारदर्शक नळी, ओळंबा आणि आलेखाचे कागद.

पहिलं काम काटकोनाचं. खोलीच्या कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करायची, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. दहावीच्या गणित भाग दोनमधलं पायथागोरसचं प्रमेय ते हेच. कोणत्याही मिस्त्रीला विचारा, प्रमेयाचं नाव सांगता येणार नाही, पण तीन-चार-पाच पाठ असतं. तुमच्या घरातल्या किती कोपऱ्यांत पाच फूट भरत नाहीत ते बघून त्याला मजा येईल, तुम्हाला येणार नाही.

दुसरं, हिशेब. दहा बाय बाराच्या खोलीला दोन बाय दोनच्या टाइल्स किती? तीस, असं तो लगेच म्हणेल. मग टेप लावायला सांगा. खोली नऊ फूट दहा इंच निघते, एका टोकाला अर्धा इंच जास्त, दाराशी उंबऱ्याची पट्टी वेगळी. आता कुठून सुरुवात केली तर कापलेला तुकडा दाराच्या समोर येणार नाही? इथे त्याचं डोकं चालायला लागेल. पुढे सळई घ्या. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. बारा मिलिमीटरची, साइटवरच्या बोलीत चार सुती सळई, मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरते. रेतीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण टाइल्सवाल्याचा ब्रास १०० चौरस फूट. हा गोंधळ शाळेत कोणी सोडवत नाही, आणि साइटवर विचारलं तर हसतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नकाशा. तुमच्या घराचा आराखडा १:५० या प्रमाणात काढायला सांगा, म्हणजे एक मीटरला दोन सेंटिमीटर. दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडकीची उंची, बाथरूमचा उतार कुठून कुठे, सगळं त्यात यायला हवं. नकाशा वाचता येणारा कामगार आणि न येणारा कामगार यांच्या मजुरीतलं अंतर दिरांना विचारा. ते खरं सांगतील.

हे करताना तो आठवड्यात कंटाळला, तर तेही बरंच झालं. पावसाळ्यात चिखलातल्या साइटवर कंटाळण्यापेक्षा घरी कंटाळलेला स्वस्त पडतो. मग दुसरं काही बघू. न कंटाळता रात्री दहाला टेप घेऊन जिन्याच्या पायऱ्या मोजायला निघाला, तर मिस्टरांना त्याच्याबरोबर पाठवा.

आराखडा झाला की मला पाठवा. सुबक नसला तरी चालेल. फक्त त्याला सांगा, मापं मोजली तशीच लिही. भिंत वाकडी असेल तर वाकडीच काढ.