पिकअपमध्ये पेट्रोलचा वास येतो, गळती कुठेच दिसत नाही. मेकॅनिक म्हणतो, जुन्या गाडीला थोडा वास येणारच. खरं आहे का? आणि तोपर्यंत गाडी चालवू का?

येणारच बिणारच काही नसतं. हे वाक्य मी आठ महिने ऐकलंय, तेही घरातल्याच माणसाकडून, म्हणून लिहायला बसलो.

माझा मेव्हणा गाड्यांतला जाणकार, असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं मत आहे. माझ्या पिकअपला वास यायला लागला तेव्हा त्याने गाडीच्या खाली न वाकता निदान केलं: "दाजी, टाकीचं झाकण बदला." बदललं. वास तसाच. "ओरिजिनल टाका." टाकलं. वास तसाच. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "दाजी, गाडीला काही झालेलं नाही, तुमचं नाकच तिखट आहे." यावर बायको हसली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मग मी एक वही केली. वास आला की तारीख, टाकीचा काटा कुठे होता, इंजिन गार की गरम, गाडी चढावर की सपाटीवर. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. टाकी फुल केली की पुढचे दीड-दोन दिवस वास, चढावर जास्त, केबिनची मागची काच सरकवली की अजून जास्त. काटा अर्ध्याच्या खाली गेला की काहीच नाही. एवढ्यावरून कुणालाही कळावं की दोष टाकीच्या माथ्यावर आहे. पेट्रोल तिथवर चढलं की पाझरतं, उतरलं की थांबतं. जमिनीवर थेंब पडत नाही, कारण पाझरलेलं पेट्रोल टाकीवरच्या मातीत मुरतं आणि उडून जातं. म्हणून तुम्हाला गळती 'दिसत' नाही.

टाकीच्या वर पोचायचं कसं, हा पिकअपचा खरा प्रश्न. मेव्हण्याचा आग्रह होता टाकी खाली उतरवायचा. मी हौदा उचलायचं ठरवलं आणि अजूनही म्हणतो, तेच बरोबर. माझ्या गाडीला आठ बोल्ट होते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी एक तुटलाच. मागच्या दिव्यांची वायर, अर्थिंगची पट्टी आणि पेट्रोल भरायच्या तोंडाचे स्क्रू सोडवले, चौघांनी चार कोपरे धरले आणि हौदा बाजूला. चौथा कोपरा मेव्हण्याकडेच होता.

टाकीच्या माथ्यावर सगळीकडे कोरडी, राखाडी धूळ. फक्त पंप जिथे आत उतरतो त्या गोल रिंगेभोवती चंद्रकोरीसारखा काळपट, ओलसर डाग. बोट लावलं, हुंगलं. पेट्रोल. रिंग गंजलेली, खालचं रबरी सील दबून चपटं झालेलं. ते बोटांत वाकवलं तर कडेला केसाएवढ्या बारीक चिरा उघडल्या. मी ते मेव्हण्याच्या हातात दिलं. त्याने उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे झाकणाच्याच आसपास होतं की!"

तुमचा वास टाकीशी जोडलेला नसेल तर वेगळीकडे शोधा. गार इंजिन सुरू केल्यावर येतो आणि गरम झाल्यावर जातो? मग इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागांच्या) ओ-रिंगा म्हणजे रबरी कड्या, रेलचे (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचे) जोड आणि नळ्यांचे क्लॅम्प बघा. गारठ्यात रबर आखडतं आणि दाबाखालचं पेट्रोल तिथून झिरपतं. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बघा, आत ओल असेल तर रेग्युलेटरमधला पडदा फाटलाय. इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी घेऊन लांबवर जाऊच नका.

सील बदलल्यावरही माझ्या गाडीत थोडा वास राहिला होता, आणि इथे खरं दुखणं आहे. मेव्हणा गाडी मागून न्यायचा आणि परत देताना टाकी भरून द्यायचा. मोठ्या मनाने, काठोकाठ. नोझलचा खटका पडला की माणसाने थांबायचं असतं. हा अजून दोन-तीनदा दाबणार, वर गाडी हलवणार. टाकीत वरची रिकामी जागा वाफेसाठी ठेवलेली असते. ती भरली की पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या डब्यात जातं. तो कोळसा वाफ धरून ठेवायला असतो, पेट्रोल प्यायला नव्हे. एकदा भिजला की सहसा डबाच बदलावा लागतो. मी बदलला. "कंपनीवाले उगाच घाबरवतात," हे त्याचं त्यावरचं मत.

एक मात्र कबूल करतो. गाडीत वाफेची गळती तपासणारी यंत्रणा असेल आणि स्कॅनरवर पी ०४५५ किंवा पी ०४४२ कोड येत असेल, तर आधी झाकणच तपासावं. माझ्या गाडीत ती यंत्रणाच नाही, हे त्याला माहीत होतं.

चालवू का, हे विचारलंत ते राहिलंच. कुठेही ओल दिसली तर गाडी सुरूच करू नका. ओल नसेल आणि वास फक्त फुल टाकीला असेल, तर अर्ध्याच्या खाली ठेवून गॅरेजपर्यंत न्या, काचा उघड्या ठेवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि उणे ४० अंशांतही ठिणगीने पेटू शकते. म्हणजे गारठा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आणि बंद शेडमध्ये गाडी ठेवू नका. स्वतः खोलणार असाल तर काम उघड्यावर, जवळ पावडरचा अग्निशामक, उजेडाला एलईडी टॉर्च. तापणारा बल्ब नको. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे नळीतला तीन-चार बारचा दाब उतरेल, आणि मग बॅटरीची तार काढा. रिंग ठोकायला लाकूड किंवा पितळ वापरा, लोखंडावर लोखंड नको. हे सगळं वर सांगायला हवं होतं खरं.

परवा मेव्हण्याने पुन्हा गाडी नेली होती. परत आली तेव्हा काटा फुलच्याही पलीकडे.